मुलांची संध्याकाळ : एंगेलबर्गहून बाबांना पत्र

एंगेलबर्ग, स्वित्झर्लंड
मे महिन्याचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमच्या पत्राचा फोटो दादाने मोबाइलवर पाठवला आणि ते मी बसमध्येच वाचून काढले. दादा-वहिनी पुढच्या मे महिन्यात दोन्ही मुलांना घेऊन युरोपच्या सहलीला यायचे म्हणताहेत, हे वाचून फार बरे वाटले. त्यांनी आणलेल्या माहितीपत्रकात ‘मुलांसाठी रोज संध्याकाळी खास कार्यक्रम’ असे ठळक अक्षरांत छापलेले पाहून तुम्ही विचारले आहे, की एवढे पैसे मोजून परदेशी गेल्यावर मुलांना रात्री पुन्हा खेळवायचे कशासाठी, आणि तेवढे खेळणे आपल्या अंगणात फुकट होत नाही का. जन्मभर शाळेत शिकवलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते. टूर मॅनेजर म्हणून माझा सगळा दिवस मोठ्या माणसांच्या मागे जातो. संध्याकाळचा तासभर तेवढा मुलांचा असतो. तो तास नीट मिळाला तर मुलांची सहल होते, नाहीतर ती आईवडिलांच्या सहलीत सामान म्हणून फिरतात, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मुलांचा दिवस इकडे कसा जातो ते आधी सांगते. सकाळी साडेसहाला खोलीतला फोन वाजतो, साडेसातला नाश्ता, साडेआठला सगळ्यांनी बसमध्ये बसायचे. पॅरिसहून स्वित्झर्लंडला येताना सुमारे सहाशे किलोमीटरचा रस्ता असतो आणि तो पूर्ण दिवस खातो. इकडच्या नियमाप्रमाणे चालकाने सलग साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. दिवसभरात साधारणपणे नऊ तासांपेक्षा जास्त गाडी चालवता येत नाही आणि रात्री सलग अकरा तासांची विश्रांती लागते. त्यामुळे थांबे ठरलेले, वेळा ठरलेल्या. मुलांनी पट्टा लावून बसायचे, उतरायला सांगितले की उतरायचे, फोटोसाठी हसायचे आणि परत चढायचे. राजवाड्यात हात लावायचा नाही, चर्चमध्ये बोलायचे नाही, रांगेत पुढे पळायचे नाही. हे सगळे योग्यच आहे, पण आठ वर्षांच्या मुलाने दिवसभरात एकही गोष्ट आपल्या मनाने केलेली नसते. त्यात दुपारभर ती बसमध्ये झोपा काढतात, त्यामुळे संध्याकाळी आईवडिलांचे पाय दुखत असतात तेव्हा मुले नुकतीच ताजीतवानी होऊन उठलेली असतात.

जेवणही लवकर होते. भारतीय उपाहारगृहात एकामागून एक ग्रुप येत असल्याने आमचे पान बहुतेकदा साडेसहा-सातलाच वाढलेले असते. आठपर्यंत आम्ही हॉटेलवर परततो, आणि बाहेर पाहावे तर लख्ख उजेड! या दिवसांत इकडे सूर्य सव्वानऊच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतरही बराच वेळ संधिप्रकाश राहतो. एंगेलबर्ग चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे, त्यामुळे ऊन आधीच गावातून निघून जाते, पण वर टिटलिस शिखराच्या बर्फावर ते रेंगाळत राहते. अशा उजेडात दहा-बारा मुलांना खोलीत टीव्हीपुढे बसवणे मला तरी जमत नाही.

दुसरी बाजूही आहे. बहुतेक ठिकाणी रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, आणि ती खरोखर पाळली जाते. आपल्याकडच्या लग्नघरासारखा गोंधळ हॉटेलच्या मार्गिकेत झाला तर पाच मिनिटांत खालून फोन येतो. म्हणून माझा हिशोब सोपा आहे : सव्वाआठला सुरू, सव्वानऊला बंद, आणि शक्य असेल तोवर उघड्यावर. पाऊस असेल तरच आत, आणि आत असेल तर बसून खेळायचे खेळ.

सहलीच्या पहिल्या एक-दोन संध्याकाळी मात्र मी काहीही ठेवत नाही. आपले घड्याळ इथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते, त्यामुळे इथे सात वाजतात तेव्हा मुलांच्या शरीराच्या लेखी साडेदहा झालेले असतात. ती ताटावरच पेंगतात आणि पहाटे चारला टक्क जागी होतात. माहितीपत्रकात ‘रोज’ असे छापलेले असते, म्हणून एका गृहस्थांनी पहिल्याच रात्री माझ्याकडे कार्यक्रमाची मागणी केली होती; त्यांचा मुलगा तेव्हा त्यांच्याच खांद्यावर झोपलेला होता. टिटलिसच्या दिवशीही मी हात आखडता घेते. केबल कारचे वरचे स्थानक ३०२० मीटर उंचीवर आहे, मुले बर्फात लोळून येतात, काहींचे डोके दुखते. त्या रात्री गोष्ट सांगणे पुरते.

काल संध्याकाळी काय झाले ते वाचून तुम्हाला मजा वाटेल. हॉटेलपासून चार पावलांवर गावातून वाहणारी नदी आहे. तिच्या काठावर चपटे दगड पुष्कळ पडलेले असतात. मुलांना मी एवढेच सांगितले, की एकावर एक राहतील असे सात दगड शोधून आणा. वीस मिनिटे त्यातच गेली. एकाचा दगड गोल निघाला, दुसऱ्याचा फार जड होता, आणि कोल्हापूरच्या एका मुलीने आपला दगड एवढा मन लावून धुतला की तो तळाशी ठेवायचे ठरले तेव्हा ती रडवेली झाली. मग दगड मुलांनीच रचले, लहानांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांची मते घेऊन दोन गट पाडले, आणि लगोरी सुरू झाली. पुण्या-मुंबईच्या मुलांपैकी निम्म्यांनी लगोरी कधी खेळलेलीच नव्हती! नागपूरच्या एका दहा वर्षांच्या मुलाने त्यांना नियम शिकवले, आणि एखाद्याला चेंडू पायाला लागला तर तो बाद की नाही यावर एवढा वाद घातला की मला मध्ये पडावे लागेल असे वाटले. मी पडले नाही. त्यांनीच ठरवले की गुडघ्याच्या खाली लागला तर बाद नाही. याच गावातला एक मुलगा सायकलवर एक पाय टेकून बराच वेळ पाहत होता. त्याला कोणी बोलावले नाही, तो आपला आपण येऊन एका गटात उभा राहिला. त्याला मराठी येत नव्हते आणि आमच्या मुलांना जर्मन येत नव्हते, पण चेंडू अंगावर आला की पळायचे एवढे त्याला पहिल्या फटक्यात समजले. त्याचा नेम मात्र इतका अचूक होता की दुसऱ्या डावात दोन्ही गट त्याच्यावर हक्क सांगू लागले.

बाबा, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला यात दिसते. अंगणात लगोरी फुकट मिळते हे खरे, पण आज किती मुलांना अंगण आहे, आणि असले तरी वेगवेगळ्या वयांची दहा-बारा मुले एका वेळी मोकळी कुठे सापडतात? इथे ती एकाच बसमध्ये बसून आलेली असतात, कोणालाही क्लास नसतो, आणि एकमेकांना टाळून जायला दुसरी जागा नसते. ज्या मुलांनी रात्री एकत्र दगड गोळा केले, ती दुसऱ्या दिवशी बसमध्ये आपणहून मागच्या बाकांवर एकत्र बसतात आणि खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींवर आपसांत बोलू लागतात. तोवर त्यांना डोंगर दाखवावा लागत असतो.

आता माहितीपत्रकातल्या ‘खास कार्यक्रमां’बद्दल. त्यांत सहसा चित्रे रंगवणे, प्रश्नमंजूषा, वेशभूषा स्पर्धा, आणि शेवटच्या एका रात्री सभागृह घेऊन नाचगाणी असतात. प्रश्नमंजूषा मला आवडते, पण दिवसभर जे पाहिले त्यावरच ती असावी, आणि प्रश्न मुलांनी एकमेकांना विचारावेत. लुझर्नच्या जुन्या लाकडी पुलाला आग कधी लागली होती, हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि त्याचे उत्तर, १९९३, फक्त एका आजीबाईंना आले. नाचगाण्यांबाबत माझे मत जरा कडू आहे. तो कार्यक्रम मुलांच्या नावावर होतो आणि आईवडिलांच्या मोबाइलसाठी होतो. ज्याला नाचायचे आहे त्याने जरूर नाचावे, पण लाजणाऱ्या मुलाला पुढे ढकलून ‘अरे, घरी तर किती छान करतोस’ म्हणणारे पालक पाहिले की मला आमच्या वेळच्या स्नेहसंमेलनातले तुमचे धोरण आठवते. तुम्ही पडदा ओढायचे काम मागणाऱ्या मुलाला तेच काम देत होता.

वडील मंडळींविषयी एक तक्रार इथेच नोंदवून ठेवते. ती कडेला उभी राहून पाहतात तोवर ठीक असते. पण लगोरी दिसली की त्यांना राहवत नाही, पँट दुमडून ती खेळात उतरतात, पाच मिनिटांत नियम तेच ठरवू लागतात, आणि मुले चेंडू आणून द्यायच्या कामाला लागतात. त्यांच्यासाठी मी आत हाउजी ठेवते. दादाला हे आधीच सांगून ठेवा, त्याचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे.

अगदी लहानांसाठी, म्हणजे चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, हॉटेलच्या हिरवळीवर ‘मामाचं पत्र हरवलं’ अजूनही सगळ्यांत चांगले चालते. तेरा-चौदा वर्षांची मुले ही खरी अवघड जात. ती लहानांबरोबर खेळायला लाजतात आणि मोठ्यांबरोबर बसायला कंटाळतात. त्यांना मी काम देते : उद्याच्या रस्त्याचा नकाशा पाहून थांबे शोधणे, किंवा दोघा-दोघांनी मिळून एकेका लहान मुलाची जबाबदारी घेणे. जबाबदारी म्हटले की त्यांचा नूर बदलतो. एका मुलीने तर आपल्या ताब्यातल्या दोघांची हजेरी दर दहा मिनिटांनी घेतली, शेवटी ती दोघे तिच्यापासून लपू लागली.

सुरक्षेची काळजी तुम्हाला वाटणारच, म्हणून लिहिते. प्रत्येक मुलाच्या खिशात हॉटेलचे कार्ड असते. आईवडिलांपैकी एकाने सांगितल्याशिवाय मी कोणाला घेऊन जात नाही, आणि परत आणल्यावर हातात हात देते, खोलीच्या दाराशी सोडून जात नाही. नदीकाठी दगड वेचताना पाण्याच्या बाजूला मी स्वतः उभी असते. डोंगरातले वितळलेल्या बर्फाचे पाणी फार थंड आणि ओढीचे असते.

सगळीकडे असा तास मिळत नाही, हेही दादाला कळायला हवे. पॅरिसला आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटे लुकलुकतो, पण उन्हाळ्यात तिथे अंधारच इतक्या उशिरा पडतो की तो देखावा पाहण्यासाठी मुलांना रात्री अकरापर्यंत जागवावे लागते. त्या दिवशी खेळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बस उशिरा निघाली तर कोणी कुरकुर करू नये. सिंगापूरच्या सहलीत गोष्ट उलटी असते. तिथे बारा महिने सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि पावणेआठला समुद्राजवळच्या बागेत उंच कृत्रिम झाडांवर दिव्यांचा खेळ सुरू होतो, तोही विनामूल्य. मुले जमिनीवर उताणी पडून तो पाहतात, आणि वेगळे काही करायची गरज राहत नाही.

तेव्हा दादाने पैसे भरण्यापूर्वी सहलवाल्यांना तीन-चार गोष्टी विचाराव्यात. त्या तारखेला इतर मुले किती आहेत आणि कोणत्या वयाची आहेत. एकटीच दोन मुले असतील तर कार्यक्रमाला अर्थ नाही. हॉटेल महामार्गावर आहे की गावात, आणि जवळ मोकळी जागा आहे का. शहराबाहेरचे हॉटेल स्वस्त पडते, पण तिथे वाहनतळाशिवाय पाय ठेवायला जागा नसते. मुलांच्या तासाला वेगळा माणूस आहे की टूर मॅनेजरनेच खोल्यांच्या किल्ल्या वाटता वाटता तेही सांभाळायचे आहे. आणि एका गावात किमान दोन-तीन रात्री मुक्काम आहे का, कारण रोज बॅगा भरणाऱ्या ग्रुपात संध्याकाळ अशी उरतच नाही. वहिनीने मुलांचे धावायचे बूट हातातल्या पिशवीतच ठेवावेत. मोठी बॅग खोलीत पोहोचून उघडेपर्यंत अर्धा तास जातो. एक टेनिसचा चेंडू टाकला तरी चालेल. दगड इथे मिळतात.

आईच्या गुडघ्याचे काय झाले ते कळवा, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करते की नाही हेही लिहा. माझा हा ग्रुप इटलीत उतरवून मी पुढच्या ग्रुपला घ्यायला पॅरिसला जाणार आहे, त्यामुळे फोन सकाळीच करीन. आमची संध्याकाळ म्हणजे तुमची मध्यरात्र. ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनीस नमस्कार, छोट्यांस अनेक आशीर्वाद.

आपली,
धाकटी