जांभळं फूल आणि सहा पुंकेसर

नागपूर,
9 फेब्रुवारी

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

या फुलाचं नाव काय, असं विचारत तू पाठवलेला फोटो पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. जांभळं फूल, चार पाकळ्या, मागे ओढा. एवढ्यावरून नाव सांगणं मला पटत नाही. वरून काढलेल्या फोटोत नेमक्या खुणाच झाकल्या जातात. जुलैत तू परत उत्तराखंडात चमोलीकडे निघालायस, तोवर फुलं ओळखायला घरीच हात बसव. चार पाकळ्या म्हटल्यावर आधी मोहरीचं कुळ तपासायचं, आणि मुळा त्याच कुळातला.

परसातले दोन मुळे उपटू नकोस, फुलावर येऊ दे. मुळ्याचं फूल फिकट जांभळं असतं, त्यावर गडद शिरा. खाली कळी झाकणारी चार निदलं, वर अधिकच्या चिन्हासारख्या चार पाकळ्या. पुढच्या दोन पाकळ्या अलगद काढून दहापट भिंगातून बघ: सहा पुंकेसर, आतले चार उंच, बाहेरचे दोन बुटके. मोहरी कुळाची ही सगळ्यात भरवशाची खूण. शेंगेसाठी मात्र मुळा चालणार नाही, कारण त्याची शेंग, म्हणजे डिंगरी, आपणहून उकलत नाही. मोहरीची वाळकी शेंग घे. तिची दोन टरफलं बुडाकडून वर सुटतात आणि मध्ये चौकटीत ताणल्यासारखा पातळ, चकचकीत पडदा उरतो. दाणे त्या चौकटीच्या कडेला लागलेले असतात. पावसाळ्यात आपल्याकडची पांढरी तिळवणही बघून ठेव. तिलाही पाकळ्या चार आणि पुंकेसर सहाच, पण सहाही सारखे, दांडीवर उचललेले, आणि पान पंजासारखं.

डोंगरात खरी फसगत एपिलोबियम नावाचं, दुसऱ्याच कुळातलं रानफूल करतं. तेही जांभळट गुलाबी, चार पाकळ्यांचं, ओढ्याकाठच्या गोट्यांत फुलणारं. त्याच्या पाकळ्यांखाली जो लांब, लालसर देठ वाटतो तो देठ नव्हे, अंडाशय आहे. मोहरी कुळात अंडाशय पाकळ्यांच्या वर, फुलाच्या मधोमध असतो. शिवाय एपिलोबियमला पुंकेसर आठ, आणि शेंग फुटली की आपल्या कपाशीच्या बोंडासारखा पांढरा कापूस बाहेर येतो. म्हणून फूल बाजूने बघायचंच.

मोहरीचं कुळ जुळलं तर माझा पहिला अंदाज त्यातली कार्डामिनी मॅक्रोफायला ही जात. ओलसर सावलीत, पाण्याजवळ, साधारण 30 ते 95 सेंटीमीटर उंच. एका पानाला पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, बहुधा 4 ते 6 जोड्या आणि टोकाला एक, कडा दातेरी. पाकळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची. शेंग 3.5 ते 6 सेंटीमीटर, चपटी. पिकल्यावर टरफलं झटक्यात वळतात आणि दाणे उडतात, म्हणून वाळलेल्या शेंगेला हात लावण्याआधी फोटो घे. मोहरी कुळात तिकडे इतरही जांभळ्या जाती आहेत, तेव्हा पान आणि शेंग बघितल्याशिवाय नावावर शिक्का मारू नकोस. रंगावर तर मुळीच जाऊ नकोस. एकाच झुडपावर ताजं फूल गडद आणि जुनं फिकट दिसतं, त्यात ढगाळ उजेडात मोबाइल जांभळ्याला निळसर करतो.

राष्ट्रीय उद्यानात काही तोडायचं नाही, त्यामुळे सगळी भिस्त फोटोवर. पूर्ण झाड, बुडाचं पान, खोडावरचं पान, फूल समोरून, फूल बाजूने, आणि शेंग. प्रत्येकात मापाची पट्टी ठेव. पाऊस असेल तर फुलावरचं पाणी निथळू दे, थेंबामुळे पुंकेसर मोजता येत नाहीत. जागेची उंची तिथेच वहीत टिपून घे.

त्यातही बाजूने काढलेला फोटो आणि शेंग, हे दोन आधी पाठव.

तुझा,
शिरीष