लवंग फळ नव्हे, कळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला झांझिबारच्या सहलीवरचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, त्याबद्दल आभार. पण ज्या पिकावर ते बेट उभे राहिले, त्या लवंगेला लेखात ‘वाळवलेले फळ’ म्हटले आहे. ही चूक कोकणात खपणाऱ्या वर्तमानपत्रात तरी व्हायला नको होती.

लवंग म्हणजे न उमललेली कळी. हिरव्या कळीवर गुलाबी छटा आली की ती खुडावीच लागते. उमलली की केसर झडतात आणि मालाला भाव राहत नाही. तशीच झाडावर राहिली तर फळ धरते, पण त्यात तेल फार कमी. सगळे घोस एकदम तयार होत नाहीत, म्हणून त्याच झाडावर पुन्हा पुन्हा चढायचे, आणि लवंगेची फांदी ठिसूळ. खुडलेल्या घोसातून कळ्या देठापासून मोडून वेगळ्या करायच्या, चटईवर पातळ पसरून चार-पाच दिवस उन्हात वाळवायच्या. ओला माल ढीग करून ठेवला किंवा पावसात सापडला की आंबतो, लवंग पांढुरकी आणि सुरकुतलेली होते. तीन किलो ओल्या कळ्यांची जेमतेम एक किलो लवंग होते.

एवढे सविस्तर लिहिले, कारण लेखाची मोठी चूक इथूनच निघते. इतके हात खाणारे हे पीक झांझिबारचे सुलतान सय्यद सईद यांच्या काळात वाढले, ते आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरून पकडून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर. सकाळी मसाल्याची बाग आणि दुपारी स्टोन टाउन या जुन्या शहरातला गुलामांचा बाजार, या दोन वेगळ्या ‘आकर्षणां’च्या गोष्टी नाहीतच. लेखात बागेत पर्यटकांना घालतात त्या झावळीच्या मुकुटाला अर्धा रकाना मिळाला आणि बाजाराला दोन ओळी. त्या दोन ओळींतही ‘१८७३ मध्ये गुलामगिरी संपली’ असे छापले आहे. त्या वर्षी सुलतान बरगश यांनी इंग्रजांशी करार करून समुद्रमार्गे होणारा व्यापार आणि तो बाजार बंद केला. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घ्यायला १८९७ साल उजाडले. मधली चोवीस वर्षे लवंग कोण खुडत होते, हे वाचकाला कळायला हवे होते.

‘जगातली सर्वांत जास्त लवंग इथे’ हेही बरोबर नाही. लवंग मूळची इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांची, आणि आजही इंडोनेशियाच पुढे आहे. १८७२ च्या वादळात उंगुजा या झांझिबारच्या मुख्य बेटावरच्या बागा उद्ध्वस्त झाल्या, तेव्हापासून तिथला खरा लवंगेचा मुलूख म्हणजे शेजारचे पेंबा. पर्यटकांना दाखवतात त्या बागेत प्रत्येक मसाल्याची दोन-चार झाडे असतात. ओळख करून घ्यायला ती उत्तम, पण तिला लवंगेचा मळा म्हणू नये. ‘लिपस्टिकचे झाड’ म्हणून ज्याचे कौतुक केले आहे, ती आपली शेंद्री. तेवढे मराठी नाव द्यायला काय हरकत होती?

१९३७ साली काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला होता आणि त्याचा जोर मुंबईच्या बाजारात होता. मराठी वाचकाला जवळची वाटेल अशी हीच एक गोष्ट लेखात नाही.

जे जाणार असतील त्यांनी बागेतून लवंग घेताना डोके शाबूत असलेली घ्यावी, नखाने दाबून तेल सुटते का पाहावे. पाण्यात टाकल्यावर चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते. पूड घेऊच नये.

जाता जाता आणखी एक. ‘हाउस ऑफ वंडर्स आतून अवश्य पाहा’ असे लिहून शेजारी सुलतानांच्या त्या जुन्या महालाचे धडधाकट छायाचित्र छापले आहे. २५ डिसेंबर २०२० रोजी त्या इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि त्यात माणसे दगावली. छायाचित्र कोणत्या साली काढलेले आहे, ते पुढच्या अंकात कृपया छापावे.

एक वाचक, गुहागर