फुगडी नको, झिम्मा चालेल

कर्करोगातून बऱ्या झालेल्या महिलांना नृत्याचा व्यायाम सुचवणारा लेख सांगली पुरवणीत वाचला. सल्ला योग्यच, पण सरसकट ‘नाचा’ म्हणून भागत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार थकवा कमी होण्यासाठी आठवड्यातून तीनदा, 30 मिनिटांचा मध्यम व्यायाम पुरतो. मध्यम म्हणजे नाचताना बोलता यावे, गाता येऊ नये.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसीका ग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या असतील तर फुगडीत त्या हाताला एकदम ओढ बसते. त्यापेक्षा झिम्म्याच्या टाळ्या बऱ्या: आधी छातीच्या उंचीवर, काही आठवड्यांनी डोक्यावर. लेझीमही आधी रिकाम्या हातांनीच. त्या हातातली बांगडी किंवा अंगठी घट्ट होऊ लागली तर ती सूज समजून डॉक्टरांना दाखवावे. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोथेरपीच्या औषधांनी तळपाय बधिर होऊ शकतात, मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर (आपले वर्ग बहुधा तिथेच भरतात!) अनवाणी गिरकी घेतली की तोल जाऊ शकतो. बूट हवेत, हाताशी खुर्ची हवी. आजार हाडांत पसरला असेल तर उड्या आणि कमरेचे झटके टाळावेत.

वर्गचालकांनी प्रवेश अर्जातच शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, हे विचारून घ्यावे.

– एक फिजिओथेरपिस्ट, विश्रामबाग, सांगली