आयएल-४ च्या नव्या लॉटमधील एंडोटॉक्सिनबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, गुणवत्ता नियंत्रण विभाग

विषय: रीकॉम्बिनंट मानवी इंटरल्यूकिन-४ (आयएल-४, पेशींना संदेश देणारे प्रथिन), सदोष लॉटबाबत

महोदय/महोदया,

आमच्या पुण्यातील प्रयोगशाळेत रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून डेंड्रायटिक पेशी (प्रतिकारयंत्रणेला जंतूंची ओळख करून देणाऱ्या पेशी) वाढवल्या जातात. त्यासाठी जीएम-सीएसएफ या वाढीच्या प्रथिनाच्या जोडीला आपले, ई. कोलाय जीवाणूंमध्ये तयार केलेले आयएल-४ आम्ही बरीच वर्षे वापरतो. आजवर त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. या लॉटने मात्र सगळे काम नासवले.

सहाव्या दिवशी पेशींवरचे सीडी१४ (मोनोसाइटची खूण) जवळपास जायला हवे आणि सीडी१ए (डेंड्रायटिक पेशीची खूण) वर यायला हवे. नव्या लॉटच्या पेशींवर सीडी१४ तसेच राहिले, सीडी१ए जेमतेम दिसले. त्याच रक्तदात्याच्या, त्याच दिवशी जुन्या लॉटवर लावलेल्या पेशी व्यवस्थित तयार झाल्या. म्हणजे दोष मीडियमचा, सीरमचा किंवा आमच्या हाताळणीचा नाही.

खरी शंका आली ती पहिल्याच दिवशीच्या मीडियममध्ये टीएनएफ-अल्फा (टीएनएफ) हे दाह वाढवणारे प्रथिन भरपूर सापडले तेव्हा. आयएल-४ मोनोसाइटमधले टीएनएफ उलट दाबते. ते वाढवणारे दुसरेच काहीतरी कुपीत असणार. म्हणून थोडे द्रावण उकळून पेशींवर टाकले. प्रथिन उकळल्यावर निकामी होते, एंडोटॉक्सिन (ई. कोलायसारख्या जीवाणूंच्या आवरणातले विषारी द्रव्य) होत नाही. टीएनएफ तरीही आले. एंडोटॉक्सिनला निकामी करणारे पॉलिमिक्सिन बी घातल्यावर ते उतरले. त्यानंतर न उघडलेल्या कुपीची एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल चाचणी केली: दर मायक्रोग्रॅमला ३० ईयूच्या (एंडोटॉक्सिनच्या एककांच्या) वर. आपल्या प्रमाणपत्रावर ०.१ पेक्षा कमी लिहिले आहे! आम्ही मिलीलीटरला ५० नॅनोग्रॅम आयएल-४ वापरतो, म्हणजे पेशींना दर मिलीलीटरला किमान दीड ईयू एंडोटॉक्सिन मिळाले. मोनोसाइट जागे व्हायला एवढे पुष्कळ झाले.

हे सारे कळवल्यावर आपल्या प्रतिनिधींनी 'माल केवळ संशोधनासाठी आहे' असे उत्तर पाठवले. हे उत्तर आम्हाला मुळीच मान्य नाही. संशोधनासाठी आहे म्हणूनच प्रमाणपत्रावरच्या आकड्यावर आमची सारी भिस्त असते. नैतिकता समितीच्या परवानगीने, संमती देऊन लोकांनी दिलेले रक्त यात वाया गेले. ते कुठल्याही बिलात भरून निघणारे नाही.

बदली कुपी पाठवून हे प्रकरण मिटवू नये. या लॉटची एलएएल चाचणीची मूळ नोंद आम्हाला द्यावी, आणि ती चाचणी कुप्या भरण्याआधी झाली की नंतर, तेही कळवावे. वेगळ्या लॉटचा माल विनामूल्य मिळावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा लॉट ज्यांना ज्यांना विकला त्या प्रत्येक प्रयोगशाळेला लेखी सूचना जावी. एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी आज हेच टीएनएफ आयएल-४ चा परिणाम समजून प्रबंधात लिहीत असेल.

आमच्या चाचण्यांचे निकाल आणि लॉट क्रमांकासह लेबलची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उरलेल्या बंद कुप्या उणे वीस अंशांवर जपून ठेवल्या आहेत. आपल्या माणसाने येऊन न्याव्यात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपली विश्वासू,
संशोधक, प्रतिकारशास्त्र प्रयोगशाळा, पुणे