दारू नकळत सुटत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत ‘दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत’ ही चौकट वरचेवर दिसते. मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपास खांबाखांबावर तीच चिकटवलेली असते. खाली फक्त मोबाइल नंबर. डॉक्टरचं नाव नाही, औषधाचं नाव नाही. लक्ष्मीपुरीत माझं औषधाचं दुकान आहे. ही जाहिरात वाचून पैसे भरणाऱ्यांच्या घरात पुढं काय होतं ते मला काउंटरवर कळतं, म्हणून हे पत्र.

विचारायला बहुधा बायकाच येतात आणि त्याही दुपारी, दुकानात गर्दी नसताना. आधी डोकेदुखीची गोळी मागतात, मागं कुणी उभं नाही ना ते बघतात, मग मूळ विषय काढतात. मागच्या उन्हाळ्यात करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक ताई आल्या. नवरा शिरोलीला फौंड्रीत मोल्डर. त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली पुडी काढली. पांढरी पावडर, वर ना लेबल ना मुदत. कुरिअरनं आलेली, त्यासाठी कानातलं मोडलेलं. “भाऊ, ही भाजीत घाला म्हणत्यात. ह्यात काय हाय तेवढं बगून सांगा की.” पावडर बघून कुणालाच ते सांगता येणार नाही. पण पुडी दोनदा देऊन झाली होती. दुसऱ्या रात्री नवरा पिऊन आला, जेवला, आणि अर्ध्या तासात तोंड लालभडक, छातीत धडधड, उलट्यांवर उलट्या. ताई रात्रभर त्याच्या उशाशी बसून होत्या आणि आपण काय घातलंय हे कुणाला सांगायची त्यांना चोरी होती.

हे वर्णन डायसल्फिराम या औषधाशी जुळतं. दारू पोटात गेली की यकृतात तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं आणि मग तेही मोडलं जातं. डायसल्फिराम हे मोडणं अडवतं. विष अंगात साठतं, माणूस तडफडतो. डेन्मार्कमध्ये याकोबसेन आणि हाल्ड हे दोन संशोधक हा पदार्थ जंतांवर चालतो का ते पाहत होते. त्यांनी तो स्वतः घेऊन बघितला आणि नंतर दारूचा घोट घेतल्यावर दोघंही आजारी पडले. त्यातून 1948 मध्ये दारू सोडवण्याचं औषध म्हणून तो जगापुढं आला. सुरुवातीला मोठे डोस दिले गेले, त्यात माणसं दगावली, तेव्हा डोस कमी केले. आज हे औषध देण्याआधी डॉक्टर हृदय आणि यकृत तपासतात, शेवटच्या घोटाला किमान 12 तास झालेत याची खात्री करतात, आणि मुख्य म्हणजे पिणाऱ्याला सगळं समजावून सांगतात. गोळी बंद केल्यावरही तिचा अंमल दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, म्हणून अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा टाळायला सांगतात. औषध वाईट नाही. “मी गोळी घेतलीय, आज पिऊन चालणार नाही” हे माणसाला माहीत असतं, त्यावरच त्याचा निम्मा उपयोग आहे. नकळत भाजीत घातलं तर तो उपयोग जातो, नुसता धोका उरतो.

त्या मोल्डरला चार दिवसांनी पुडी सापडली. बायको विष घालते असा त्यानं वाड्यावर गलका केला, घरचं पाणीसुद्धा प्यायचा बंद झाला. पुढं खरोखरच डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असती तर ती बायकोच्या हातून त्यानं घेतली असती का? संपादक महोदय, माझी पहिली विनंती हीच, की ‘नकळत’ असा शब्द असलेली एकही जाहिरात आपण स्वीकारू नये. अशी जाहिरात पेपरात आली की लोकांना ती आपण पारखून घेतलेली वाटते.

दुसरी गोष्ट एकदम सोडण्याची. आपल्याकडं माळ घालून, देवापुढं शपथ घेऊन दारू सोडणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या निश्चयाबद्दल मला आदर आहे. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली तर त्याच्या मेंदूला ते झेपत नाही. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. कुणाला फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना अंथरुणावर मुंग्या, भिंतीवर किडे दिसू लागतात, घरातली माणसं ओळखू येत नाहीत. घरचे म्हणतात बाहेरचं झालंय आणि देवऋष्याकडं नेतात. यात जीव जाऊ शकतो. दवाखान्यात याच चार-पाच दिवसांसाठी शांत करणाऱ्या गोळ्यांचा डोस उतरत्या क्रमानं देतात, सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. औषधं महागही नाहीत. देवापुढं शपथ जरूर घ्यावी, पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवावं.

गोळ्यांनी हे दिवस निभावतात, पुढचं आयुष्य निभावत नाही, हेही औषधवाला म्हणून मी सांगायला हवं. अमेरिकेत 1935 मध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून दारू सोडली, त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही पिणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याची संघटना उभी राहिली. तिथं फी नाही, आडनाव विचारत नाहीत. घरच्या माणसांसाठी 1951 मध्ये अल-ॲनॉन निघाली. आपल्या पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते ब्राउन शुगर या अमली पदार्थानं घरंच्या घरं पोखरली जात होती त्या काळात. व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच तिथं नव्याला आधार देतो. पुन्हा घसरलेल्याला तिथं परत घेतात, ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. बीपीची गोळी चुकून बीपी वाढलं तर त्या माणसाला कुणी निर्लज्ज म्हणत नाही. दारू परत सुरू झाली की मात्र “एवढा खर्च केला, वाया गेला” असं म्हणून घरदार हात झटकतं. खरं तर पुन्हा डॉक्टरकडं न्यायची वेळ तीच असते.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजारात धरलंय. साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे, उपचार केंद्राला नोंदणी सक्तीची आहे, आणि विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणंच या आजाराचाही विमा द्यायचाय. माणूस केंद्रात ठेवण्याआधी नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवा म्हणून सांगायचा नातेवाइकांना अधिकार आहे. तो वापरावा. भेटू देत नसतील, आतली खोली दाखवत नसतील, तर तिथं ठेवू नये.

आणि आता मूळ अडचण. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’नं केलेल्या 2019 च्या पाहणीनुसार दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळतात. बाकीच्यांची माणसं त्या खांबावरच्या नंबरला फोन लावतात, कारण जवळ दुसरं काही नाही. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, पण चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं. दिवसाची मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून, पिणाऱ्या माणसाला सोबत घेऊन महिन्यातून दोनदा कोण येणार? चंदगड, गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी इथं सरकारी दवाखान्यात आठवडा बाजाराच्या दिवशी मानसोपचाराची ओपीडी भरवावी. त्या दिवशी बायका बाजाराच्या निमित्तानं गावात येतातच, दवाखान्यात का आलीस म्हणून कुणी विचारत नाही. थायमिन आणि उतरत्या डोसाच्या गोळ्या तिथंच मिळाव्यात. जिल्हा परिषदेनं आणि पालकमंत्र्यांनी एवढं या वर्षी करावं, आणि आपल्या वार्ताहरांनी त्याचा पाठपुरावा करावा. तोवर सरकारची 14446 ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, हे दोन नंबर आम्ही दुकानदार प्रत्येक बिलाच्या मागं छापू शकतो. मी या महिन्यापासून छापतोय.

आपला,
एक औषध दुकानदार, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर