दुपारी चारच्या ट्रेलसाठी

शिकुटिमी, क्वेबेक
22 मार्च

तीर्थरूप बाबांना,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "इंजिन किती पॉवरचं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत लाइन तुटली. ते एका अर्थी बरंच झालं. हा विषय फोनवर सांगून संपणारा नाही आणि माझ्या डोक्यात सध्या दुसरं काही नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे.

हो, नवी स्नोमोबिल घ्यायचं नक्की केलंय, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे चाकांऐवजी रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी. इथे सगळे तिला फ्रेंचमध्ये 'मोटोनेज' म्हणतात. घाई एवढ्याचसाठी की पुढच्या हिवाळ्याच्या गाड्या कंपन्या फेब्रुवारी-मार्चमध्येच दाखवतात. वसंतात नोंदणी करायची, म्हणजे बर्फ पडायच्या आधी गाडी हातात येते. मनासारखा शॉक-अब्सॉर्बर, मनासारखा ट्रॅक (तो मागचा रबरी पट्टा) हवा असेल तर तो याच मुदतीत मागून घ्यावा लागतो. मला ही पद्धत आवडते. सरत्या हिवाळ्यात अंगाला काय काय सोसावं लागलं, ते अजून ताजं असतं.

सोसावं लागलं म्हणजे काय, ते आधी सांगते. फेब्रुवारीत एका शनिवारी आम्ही दोघं, मी आणि कारखान्यातला माझा सहकारी, लाक सँ-जाँ या मोठ्या तळ्याच्या बाजूला जाऊन परत आलो. दिवसभरात 290 किलोमीटर. सकाळी सातला निघालो तेव्हा ट्रेल, म्हणजे स्नोमोबिलसाठी राखलेली बर्फाची वाट, पाटासारखी सपाट होती. रात्री ग्रूमर नावाचा पट्ट्यांवर चालणारा अजस्र ट्रॅक्टर फिरतो. मागे ओढलेल्या अवजाराने तो उंचवटे कापतो, खड्डे भरतो आणि बर्फ दाबत जातो. हे काम मुद्दाम रात्री करतात, कारण दाबलेलं बर्फ थंडीत काही तास कुणी न तुडवता राहिलं तरच घट्ट बसतं. त्या पहिल्या दोन तासांत माझी जुनी गाडी इतकी सुरेख चालली की नवी कशाला हवी, असं मनात आलं.

दुपारी चारला तीच ट्रेल ओळखू येईना. दिवसभरात शेकडो गाड्या जातात. प्रत्येक जण वळणाआधी ब्रेक मारतो, वळणानंतर रेस करतो. बर्फ थोडं उकरलं जातं, पुढे ढकललं जातं. मागच्या गाडीचं सस्पेन्शन त्या छोट्या उंचवट्यावर उसळतं आणि पुढे जिथे आपटतं तिथे नवा खड्डा पाडतं. कच्च्या रस्त्यावर ट्रकमुळे आडव्या लाटा उठतात ना, अगदी तसंच, फक्त इथे लाटा गुडघ्याएवढ्या होतात आणि एकामागून एक कित्येक किलोमीटर संपत नाहीत. माझ्या गाडीचा ट्रॅक 121 इंचाचा. ती प्रत्येक खड्ड्यात उतरायची आणि प्रत्येक उंचवट्यावर आपटायची. शॉकमधलं तेल तापून पातळ झालं, मग शॉक असून नसल्यासारखे. शेवटचे 60 किलोमीटर मी उभ्यानेच चालवली आणि घरी आल्यावर हातात पाण्याचा पेला धरवत नव्हता. सहकाऱ्याची गाडी 137 इंचाची. तो माझ्या पुढेच होता, त्याच लाटांवरून, आणि बराचसा बसून.

पुढची गाडी दुपारी चारच्या ट्रेलसाठी घ्यायची, हे मी तिथेच ठरवलं. विक्रेत्याकडे चाचणीला गाडी देतात ती सकाळची, गुळगुळीत बर्फावर, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मी ज्या गाड्यांमधून निवडत होते त्यांत तीन इंजिनं होती, तिन्ही रोटॅक्स कंपनीची. 600 वर्गातलं टू-स्ट्रोक, 125 हॉर्सपॉवर. 850 टू-स्ट्रोक, 165. आणि 900 सीसीचं टर्बो फोर-स्ट्रोक, त्याच्या सर्वांत ताकदवान रूपात 180. आकडे वाचून तुमचे डोळे चमकले असतील, माझेही चमकले होते. पण क्वेबेकमध्ये ट्रेलवर वेगमर्यादा ताशी 70 किलोमीटर आहे, आणि 125 हॉर्सपॉवरची गाडी तिथे काही सेकंदांत पोचते. इथे ज्याला आक्रमक चालवणं म्हणतात, त्याचा वेगाच्या काट्याशी फार संबंध नाही. वळणात शिरताना अंग आतल्या बाजूला झोकायचं, उशिरा पण नेमका ब्रेक मारायचा, उठून गुडघ्यांवर धक्का घ्यायचा आणि खराब बर्फावरही लय मोडू द्यायची नाही, असं ते आहे. त्यासाठी गाडी हलकी आणि नाकाशी तल्लख हवी.

म्हणूनच फोर-स्ट्रोकने मला सर्वांत जास्त छळलं. लांब पल्ल्यासाठी त्याच्यासारखं इंजिन नाही. आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल कमी, वेगळं टू-स्ट्रोक ऑइल ओतायचं नाही, आणि रेस सोडली की इंजिन स्वतःच गाडी आवरतं. दिवसाला 400 किलोमीटर सरळ ट्रेलवर जाणाऱ्यांनी दुसरं काही घेऊच नये असं मला मनापासून वाटतं. पण ते तीसएक किलोने जड आहे आणि तो भार पुढच्या स्कींवर येतो. लाटांमध्ये तो जडपणा प्रत्येक आपटीला मनगटात कळतो. शिवाय कडेच्या भुसभुशीत बर्फात गाडी रुतली की ती उचलून बाहेर काढणारे आम्ही दोघंच. म्हणून मी 600 टू-स्ट्रोक घेते आहे.

टू-स्ट्रोक म्हटल्यावर तुम्हाला तुमची यामाहाची आरएक्स हंड्रेड आठवेल. ते दिवस गेले, बाबा. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ऑइल पंपाने मोजून जातं, पेट्रोलमध्ये मिसळावं लागत नाही. आणि एक गंमत खास तुमच्यासाठी: रिव्हर्स गिअरच नाही. बटण दाबलं की इंजिनचा वेग एकदम उतरतो, क्रँक थांबायच्या बेतात येतो आणि त्याच क्षणी इग्निशनची वेळ बदलून त्याला उलट दिशेने फिरवलं जातं. अख्खं इंजिनच उलटं फिरतं! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुम्ही शेजारी असायला हवे होतात असं फार वाटलं.

यामाहा का नाही, हेही तुम्ही विचारणार. यामाहाने 1968 पासून स्नोमोबिल बनवल्या, पण 2023 मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा धंदा आवरता घेणार, आणि उत्तर अमेरिकेसाठी 2025 चं मॉडेल शेवटचं.

ट्रॅकच्या लांबीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. 137 इंच म्हणजे जमिनीला टेकलेली लांबी नव्हे, तो पट्टा पूर्ण मोजला की येणारा घेर. तो साधारण साडेतीन मीटर भरतो. त्यामुळे 129 आणि 137 मध्ये आठ इंचांचा फरक दिसला तरी जमिनीवर त्याच्या निम्माच पडतो. पण तेवढ्यानेही लाटांवर गाडीची चाल बदलते. आखूड ट्रॅक दोन उंचवट्यांच्या मधल्या खळग्यात बसतो, लांब ट्रॅक एका उंचवट्यावरून सुटायच्या आत पुढच्यावर टेकलेला असतो. लांबीची किंमत वळणात मोजावी लागते. मागचा लांब पट्टा गाडीला सरळ ढकलत राहतो आणि स्की वळलेल्या असूनही गाडी बाहेर जाऊ पाहते. नागमोडी जंगलात खेळणाऱ्याला 129 च आवडेल. मी तो अर्धा दिवस चालवून पाहिला, वळणांत फार सुंदर आहे, आणि तरीही 137 निवडला, कारण माझे दिवस लांब असतात आणि परतीची वाट नेहमी खराब झालेली असते.

ट्रॅकवरचे रबरी दाते सव्वा इंचाचे घेतलेत. दीड इंचाचे ताज्या बर्फात जास्त पकडतात, पण कडक ट्रेलवर उंच दाते दुमडतात आणि ताकद खातात. इथे तळी ओलांडावी लागतात आणि मार्चमध्ये दुपारी वितळलेलं रात्री काचेसारखं गोठतं, म्हणून दात्यांत बारीक खिळे कारखान्यातूनच बसवून येणारा पट्टा मागितलाय. मागे खिळे आले की पुढे स्कींच्या तळाला कार्बाइडच्या पट्ट्याही धारदार हव्यात. मागे पकड जास्त आणि पुढे कमी झाली, तर गाडी वळतच नाही.

आणि स्क्रॅचर. ही दोन स्प्रिंगदार पोलादी बोटं असतात, ट्रॅकच्या बाजूला बर्फ ओरबाडत जाणारी. या गाडीला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. ट्रॅक जे बर्फ उडवतो ते वरच्या उष्णता-विनिमयकावर आपटून इंजिनचं पाणी थंड करतं. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्यांनाही वंगण म्हणजे तेच बर्फ. कडक बर्फावर काहीच उडत नाही, पट्ट्या वितळू लागतात आणि इंजिन तापतं. स्क्रॅचर खाली सोडले की भुगा उडतो आणि पारा उतरतो.

पैसे मी इंजिनवर वाचवले आणि शॉकवर घातले. शॉक किती वेगाने दबतो आणि किती वेगाने परत येतो, दोन्ही हातमोजे न काढता कमी-जास्त करता येतील असे शॉक आहेत, आणि खोलून पुन्हा तेल भरता येईल असे. हे शेवटचं तुम्हाला पटेल, तुम्ही कधी न उघडणारी वस्तू विकत घेतली नाहीत. माझ्या वजनाला कारखान्यातल्या स्प्रिंगा जास्त कडक पडतील. विक्रेत्याने वजन विचारलंच नाही, मी आपणहून सांगितलं आणि मऊ स्प्रिंगा मागितल्या.

क्लचबद्दल थोडक्यात. गिअर नसलेल्या स्कूटरसारखा पट्टा आणि दोन पुली, पण ताकद कितीतरी जास्त. माझ्या जुन्या गाडीचा हा पट्टा मागच्या जानेवारीत जंगलात तुटला. उणे 24 अंशात हातमोजे काढून बदलावा लागला आणि तेव्हापासून सुटा पट्टा मी झोपेतही बदलू शकेन. तो नेहमी सोबत असतो.

गाडी स्की-डू या ब्रँडची आहे, रेनेगेड नावाचं मॉडेल. ती बनते ती क्वेबेकमध्येच, व्हालकुर या छोट्या गावात. मागच्या उन्हाळ्यात मी तिथलं संग्रहालय पाहून आले. जोसेफ-आर्मां बोंबार्दिये यांनी एकोणिसाव्या वर्षी, 1926 मध्ये, त्याच गावात स्वतःचं गॅरेज काढलं. 1934 च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली, त्याला दवाखान्यात नेता आलं नाही आणि तो गेला. बर्फावरून माणसं नेणारी गाडी करायचा त्यांचा प्रयत्न आधीपासूनच चालू होता. 1937 मध्ये त्यांना दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचं पेटंट मिळालं, आणि त्यांच्या सुरुवातीच्या गाड्या डॉक्टर, शाळा, टपाल यांच्या कामाला लागल्या. स्की-डू ही छोटी गाडी 1959 ची. त्यांचं जुनं गॅरेज तिथे जपून ठेवलंय. मी त्यात बराच वेळ उभी होते, आणि ज्या वासाची वाट पाहत होते तो मात्र आला नाही. तुमच्या हातांना यायचा तो, ग्रीस आणि रॉकेलचा.

आता हा भाग आईला वाचून दाखवा. आई, मी एकटी कधीच जात नाही. तळ्यावर फक्त खुणा लावलेल्या वाटेनेच जाते. अंगाला दोरी बांधलेली असते, ती गाडीवरून सुटली की इंजिन बंद पडतं. मोबाइलला रेंज नसते तिथे उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र खिशात असतं, घरी पोचल्याचा निरोप तुला येतो तो त्यावरूनच. हेल्मेटची काच विजेने गरम राहते, हँडलही गरम असतं. नव्या गाडीची टाकी 36 लिटरच्या आसपास आहे. माझी जुनी गाडी जोरात चालवली की 100 किलोमीटरला 18 लिटर प्यायची, नवी त्याहून कमी घेईल. तरी मी हिशेब जुन्याच आकड्याने करते आणि 150 किलोमीटरच्या आत पेट्रोल भरते.

बाबा, एक गोष्ट अजून ठरत नाहीये आणि ती तुम्हालाच विचारायची आहे. मागच्या सस्पेन्शनच्या पुढच्या भागात एक पट्टी असते. ती आखूड केली की रेस करताना नाक उचललं जात नाही आणि स्की वळणात घट्ट बसतात, पण मग उंचवट्यांवर पुढचा धक्का हातात येतो. सैल सोडली की उलट. सहकारी म्हणतो कारखान्याने ठेवलीये तशीच ठेव. मला वाटतं एक भोक आखूड करावी आणि धक्का शॉकने आवरावा. तुमच्या अंदाजाने आधी कोणतं बदलून पाहू, पट्टी की शॉक? रविवारी तुमच्या सकाळी फोन करते. कागदावर काढलेलं चित्र सोबत पाठवलंय, त्यावर पेन्सिलने खुणा करून ठेवा.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी