‘वन’ म्हणजे नुसते एक नव्हे

संपादक महोदय,

मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरी सर्वनामांचा पाठ ‘नामाऐवजी येणारा शब्द’ ही व्याख्या आणि ‘आय, माय, मी, माइन’चा तक्ता यांवरच आटोपतो. मुळात व्याख्याच अपुरी आहे. ‘माझा मोठा भाऊ’ या तिन्ही शब्दांच्या जागी इंग्रजीत एकटा ‘ही’ (he) येतो. आणि मुले अडतात ती तक्त्यात नव्हे, त्याच्या पुढे.

साडीच्या दुकानात आपण म्हणतो, ‘लाल नको, निळी दाखवा.’ विशेषणापुढचे नाम गाळले तरी मराठीत अडत नाही. इंग्रजीत मात्र गाळलेल्या नामाची जागा ‘वन’ने भरावी लागते: ‘शो मी द ब्लू वन.’ बऱ्याच साड्या असतील तर ‘द ब्लू वन्स’. ‘वन म्हणजे एक’ एवढेच पाठ केलेल्या मुलाला ‘वन्स’ चुकीचाच वाटणार! ‘शो मी द ब्लू’ हा निष्काळजीपणा नाही, ती मराठीची सवय आहे. लाल रेघ मारण्याआधी हे मुलाला सांगायलाच हवे.

अर्थात ‘वन’ मोजता येणाऱ्या वस्तूंनाच. ‘गरम दूध नको, थंड द्या’ इथे ‘कोल्ड वन’ चालत नाही, ‘कोल्ड मिल्क’च म्हणावे लागते. आकड्याला लागूनही ‘वन्स’ नको: ‘आय बॉट टू’. मध्ये विशेषण आले की मात्र हवे: ‘टू ब्लू वन्स’.

‘इट’ आणि ‘वन’ यांतही गल्लत होते. छत्री हरवली आणि तीच शोधायची आहे, तर ‘आय ॲम लुकिंग फॉर इट’. कुठलीही नवी चालेल, तर ‘आय नीड वन’.

‘पाऊस येईल का?’ याला ‘आय थिंक सो’ म्हणताना ‘सो’ अख्ख्या वाक्याची जागा घेतो. नकारात ‘आय होप नॉट’, पण ‘आय डोन्ट थिंक सो’. ‘माहीत आहे’ म्हणताना ‘आय नो’वरच थांबायचे, पुढे ‘सो’ लावायचा नाही.

तुलनेत तर हमखास चुकते. ‘द क्लायमेट ऑफ पुणे इज कूलर दॅन मुंबई’ यात हवेची तुलना थेट शहराशी होते. तिथे ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’ हवे, अनेकवचनी नाम असेल तर ‘दोज ऑफ’.

रिकाम्या जागा भरून घेण्याऐवजी नाम गाळलेली पाच-सहा मराठी वाक्ये रोज फळ्यावर लिहावीत. काय गाळले, ते मोजता येते का, ठरावीक आहे की कुठलेही, एक की अनेक, हे मुलांना आधी तोंडी विचारावे आणि मगच इंग्रजी लिहून घ्यावे.

— एक इंग्रजी शिक्षिका